टाकी धुतल्याचं प्रमाणपत्र

आमच्या कार्यालयात काम होण्याआधी ते झाल्याचा अहवाल जातो. ही तक्रार नाही. वाहन शाखेत बसून मी स्वतः असे पुष्कळ अहवाल पाठवले आहेत आणि ते वेळेत गेले याचा मला अभिमानही वाटायचा.

सरकारी गाड्यांत यापुढे जैवडिझेल मिसळलेलंच डिझेल भरायचं, असा आदेश आला तेव्हाही तेच झालं. आदेशाला परिशिष्ट होतं: नवं इंधन भरण्यापूर्वी जुनी टाकी रिकामी करून धुवावी, फिल्टर बदलावा आणि तसं प्रमाणपत्र सादर करावं. आदेश माझ्या टेबलावर आला दुपारी तीनला. प्रमाणपत्र हवं होतं पाचपर्यंत. गाड्या पाच, त्यातल्या तीन दौऱ्यावर. भांडारात फिल्टर विचारले, तर म्हणाले, मागणीपत्र द्या, मंजुरी आली की बघू. मी पाच प्रमाणपत्रं टाइप केली, सह्या केल्या, साहेबांच्या प्रतिस्वाक्षऱ्या घेतल्या आणि पावणेपाचला पाठवून मोकळी झाले.

आमची सगळ्यात जुनी जीप ज्या ड्रायव्हरकडे होती, त्यांना सगळं ऑफिस चाचा म्हणायचं. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. संध्याकाळी लॉगबुक द्यायला आले आणि टेबलावरचा कागद वाचत उभे राहिले.

“मॅडम, माझ्या गाडीची टाकी धुतली?”

“धुतली.”

“मी तर गाडी घेऊन गारगोटीला गेलतो की. कुनी धुतली?”

“कागदावर धुतली, चाचा. फिल्टर आले की खरी धुऊ.”

“मग पानी तरी वाचलं,” म्हणाले आणि चहाला गेले.

फिल्टर आले नाहीत. मी दोन स्मरणपत्रं पाठवली, तिसरं राहून गेलं.

हे जैवडिझेल वापरलेल्या खाद्यतेलापासून करतात, ही बातमी तेवढी ऑफिसभर पोचली. झालं, दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना जिपेच्या धुराला भज्यांचा वास यायला लागला. मला कधी आला नाही. पण गेटवरचा शिपाई शपथेवर सांगायचा, की साहेब कोपऱ्यावर आले की त्याला भूक लागते.

मग कुरुंदवाडला एका सभागृहात स्वच्छ इंधनाच्या महत्त्वावर साहेबांचं भाषण ठरलं. जीप इचलकरंजीच्या अलीकडे आचके देत बंद पडली. पुढचं मला चाचांनी सांगितलं. ते बॉनेट उघडून उभे, साहेब फोनवर. एवढ्यात मोटारसायकलवरच्या दोघांनी गाडी थांबवली.

“काय झालं, पावणं?”

“बंद पडली. जरा ढकलता काय?”

“सरकारी हाय न्हवं? ढकलायला जीआर लागतोय काय बघा आधी.”

ढकलूनही जीप सुरू झाली नाही. साहेब सूत नेणाऱ्या टेम्पोत बसून कुरुंदवाडला पोचले आणि केसांत कापसाचे तंतू घेऊन त्यांनी जैवडिझेलवर पाऊण तास भाषण केलं. चांगलं झालं म्हणे.

दुसऱ्या दिवशी चाचांना कारणे दाखवा नोटीस काढायचं ठरलं. टाइप करायला ती अर्थातच माझ्याकडे आली. मजकूर असा, की टाकी स्वच्छ करून फिल्टर बदलल्याचं प्रमाणपत्र अभिलेखात आहे, त्यानंतर फिल्टर तुंबला, याचा अर्थ चालकाने वाहनाची निगा राखली नाही. तर्कात चूक नव्हती. फक्त सुरुवात माझ्या सहीपासून होती. चौकशी लागली असती तर चाचांची निवृत्तीची कागदपत्रं अडकली असती. ती किती वर्षं अडकतात, हे मला माहीत होतं. तशा दोन फायली माझ्याच कपाटात होत्या.

मी नोटीस टाइप केली. हेही सांगितलं पाहिजे.

दुपारी चाचा आले आणि मिठाईचा एक जुना डबा टेबलावर ठेवून उघडला. आत फिल्टर होता, डांबरात बुडवून काढल्यासारखा.

“नवं तेल वाईट न्हाय, मॅडम. ते टाकी धुतंय. एवढ्या वर्साचा गाळ सुटला आन् हितं येऊन बसला.” मग नोटीस पुढे सरकवली. “ह्याचं उत्तर तुमीच लिवा. माझं अक्षर काय धड न्हाय.”

त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. लॉगबुक मीच तपासते.

मी विचार केला. दोष इंधनाला द्यावा तर तो शासनाच्या धोरणाला दिल्यासारखा. भांडाराला द्यावा तर माझी स्मरणपत्रं दोनच. चाचांना देणं सगळ्यांच्या सोयीचं होतं, कारण ते जाणारच होते. चाचा डबा तिथेच ठेवून गेले होते आणि त्याच्या वासात मला काम सुचेना. मी चार ओळींची टिपणी लिहिली: टाकी धुतली नव्हती, फिल्टर बदलला नव्हता, प्रमाणपत्र मी न पाहता दिलं. टिपणी आणि डबा घेऊन साहेबांकडे गेले.

साहेबांनी दोनदा वाचलं. “मॅडम, हे फाइलला लावू नका. प्रमाणपत्रावर माझीही सही आहे.”

“म्हणून तर आधी तुम्हाला दाखवायला आणलं, साहेब.”

“आणि हा डबा?”

“तो पुरावा.”

“झाकण लावा आधी.” मी झाकण लावलं, तेव्हा म्हणाले, “काय करायचं म्हणता?”

“नोटीस रद्द करा. फिल्टर आजच्या आज बाहेरून घ्या. टाक्या शनिवारी धुऊ.”

नोटीस ‘नजरचुकीने निघाल्याने’ रद्द झाली. मला लेखी ताकीद मिळाली, तीही मीच टाइप केली. फिल्टर दोन तासांत आले.

शनिवारी पाचही टाक्या आवारात उतरवल्या. एकीत कापडाचा बोळा सापडला, कुणी कधी घातला देव जाणे. गाळाने बादली भरली. चाचांनी मला प्रत्येक टाकीत बॅटरी मारून बघायला लावलं.

“बघा नीट. आन् मग सही करा.”

मी बघितलं आणि नवीन प्रमाणपत्रं पाठवली. वरून उत्तर यायला महिने लागले. तोवर चाचा ठरल्या दिवशी निवृत्त झाले होते, कागद साफ. पेन्शनचे आदेश न्यायला आले, त्याच दिवशी आमची पाचही प्रमाणपत्रं परत आली: ‘सदर वाहनांच्या टाक्या धुतल्याची प्रमाणपत्रे यापूर्वीच प्राप्त आहेत. दुबार पाठवू नयेत.’

चाचांनी चष्मा लावून ते वाचलं.

“मग आता काय, मॅडम? टाक्या परत घान करायच्या व्हय?”