द्रौपदाबाईचे वीस उंदीर

उंदीर दिसला की आपण काय करतो? पिंजरा लावतो, नाहीतर झाडू उगारतो. नशिराबादच्या द्रौपदाबाईनं जन्मभर तेच केलं, आणि पंचावन्नाव्या वर्षी तिला नोकरी लागली ती उंदरांना जेवू घालायची! जवळच्या शहरात, मेहरूण तलावाच्या बाजूला, एका खासगी प्रयोगशाळेत. ऐकून सुनेची हसून मुरकुंडी वळली.

काम तसं सोपं होतं. शिरपूरकडच्या शेतातून दोन तऱ्हेच्या पपया यायच्या. एक आपली नेहमीची. दुसरी प्रयोगाची. पपईवर तो विषाणूचा रोग येतो ना, पानं आकसतात, फळांवर गोल चट्टे उठतात आणि सगळी बाग उपटावी लागते, तो रोग या दुसऱ्या झाडांना होत नव्हता. पपया कापायच्या, वाळवायच्या, दळायच्या आणि भुकटी खाद्यात मिसळायची. वीस उंदरांना साधी, विसांना प्रयोगाची, असं नव्वद दिवस. दर सोमवारी तिथली संशोधक समीक्षा मॅडम एकेकाचं वजन करायची. पोर वयानं द्रौपदाबाईच्या लेकीएवढी, पण या पपईपायी तिची तीन वर्षं गेली होती.

या झाडांना रोग का होत नाही, हे द्रौपदाबाईनं तिला एकदा विचारलं. समीक्षानं सांगितलं की त्या विषाणूचाच एक बारीक तुकडा झाडात घातलाय, म्हणून झाड त्याला पुरून उरतं. घ्या! रोग घातला म्हणून रोग होत नाही? बरं, साखर, प्रथिनं, जीवनसत्त्वं, सगळं दोन्ही पपयांत सारखंच निघालं होतं. सारखंच आहे तर या मुक्या जिवांना कशाला चारायचं? तर म्हणे, खाऊन काही होतं का ते बघायला. द्रौपदाबाईचं डोकं भणभणलं. एवढं मात्र तिला पक्कं कळलं, की काहीतरी होऊ शकतं.

त्या दिवसापासून त्या वीस उंदरांकडे बघवेना. साधी पपई खाणाऱ्यांचं ठीक चाललं होतं, पण यांचं काय? तिच्या डब्यात रोज कळण्याची भाकरी असायची, ज्वारी-उडदाची, घरच्या जात्यावरची. दुपारी खोलीत कोणी नसलं की ती एकेका पिंजऱ्यात चिमूटभर कुस्करून टाकायची. त्यात चोरी आहे असं तिच्या मनातही आलं नाही. पाहुण्याच्या ताटात भाजी वाढावी तितक्या सहज ती वाढत होती.

दोन महिन्यांत ते वीस चांगले गुबगुबीत झाले. द्रौपदाबाई खूश, आणि समीक्षाचा चेहरा उतरलेला. तिनं वजनकाटा बदलला, खाद्य पुन्हा तपासलं, वाटीत उरलेलं मोजलं. उंदीर खाद्य कमी खात होते आणि वाढत जास्त होते. हे कसं, काही केल्या उलगडेना. धुळ्याहून मोठे साहेब आले, प्रेमराज साहेब. त्यांनी कागद चाळले आणि सांगितलं की फरक दिसतो म्हणजे पपईतच काहीतरी आहे, आठवड्यात कारण सापडलं नाही तर हे काम बंद. ते गेल्यावर समीक्षा टेबलावर डोकं ठेवून रडली.

द्रौपदाबाई तर चक्रावूनच गेली. उंदीर वाळले असते तर रडणं समजलं असतं, हे तर बाळसं धरून बसलेत! तसं तिनं बोलूनही दाखवलं.

"मावशी, बारीक झाले काय नि जाड झाले काय," समीक्षा म्हणाली, "दोन्ही बाजूचे सारखे राहायला हवे होते."

म्हणजे हा घोळ द्रौपदाबाईच्या भाकरीनंच घातला होता! रात्रभर तिला झोप नाही. गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? नोकरी टिकली असती. पण दोष पपईच्या माथी गेला असता आणि पोरीची तीन वर्षं मातीत. सकाळी ती समीक्षासमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

समीक्षा हळूच म्हणाली, "त्यांनाच का दिली? त्या दुसऱ्या विसांना का नाही?"

"त्याईच्या वाट्याले काय यीन, ते तुमाले बी माहीत नव्हतं ना, मॅडम. म्हून."

मग द्रौपदाबाईनंच भीत भीत विचारलं, की मग ती पपई चांगली का वाईट? आता ते नव्वद दिवस पुन्हा मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, असं उत्तर आलं.

साहेब फोनवर खूप तापले. बाईला आत्ताच्या आत्ता काढा म्हणाले. समीक्षानं वहीत लिहिलं की खाद्याशिवाय काही घालू नये हे मदतनिसाला कधी सांगितलंच नव्हतं, आणि ते खरंच होतं. द्रौपदाबाई राहिली.

नवे चाळीस उंदीर आले. आता पिंजऱ्यांवर नुसते आकडे. भुकटी समीक्षा स्वतः मिसळायची आणि कोणत्या आकड्याला कोणती पपई, हे तिच्या कुलपातल्या कागदावरच होतं. द्रौपदाबाई पहिल्या पिंजऱ्यापासून शेवटच्यापर्यंत गेली, परत आली. सगळे सारखेच नाक हलवत होते. यांतल्या कोणाची कीव करायची, तेच तिला कळेना.