अण्णांच्या चाली कमी होत गेल्या

अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात टर्नर होते. निवृत्तीनंतर त्यांना बुद्धिबळाचा नाद लागला. पंचवटीतल्या आमच्या घरी त्यांचा एकच हट्ट असे, कम्प्युटरवरचा प्रोग्राम पूर्ण ताकदीनेच खेळला पाहिजे. मी शाळेत कम्प्युटर शिकवते, तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी प्रोग्रामला सगळा प्रोसेसर दिला, भरपूर मेमरी दिली, मागे चालणारं बाकी सगळं बंद केलं. मशीन तापलं की मंदावतं, म्हणून अण्णा टेबलफॅन त्याच्याकडे वळवत आणि स्वतः घामाघूम होऊन बसत.

जिंकायची आशा त्यांना नव्हतीच. किती चाली टिकलो, एवढंच ते वहीत लिहीत. चाळीस, त्रेचाळीस. एकदा एक्कावन्न झाल्या, तेव्हा ते शेजारी पेढे वाटून आले.

यंदा उन्हाळ्यात आकडे घसरू लागले. तीस. बावीस. सतरा.

"तू त्याची ताकद वाढवलीस का गं?" एका रविवारी जेवणानंतर त्यांनी विचारलं.

मी सेटिंग उघडून पाहिलं. काही बदललेलं नव्हतं. प्रोग्राम सेकंदाला किती शक्यता तपासतो तो आकडा स्क्रीनवर दिसतो. उकाड्याने मशीन तापून तोही हिवाळ्यापेक्षा बराच खाली आला होता. म्हणजे समोरचा उलट कच्चा झाला होता, आणि तरी अण्णा सतरा चालींत हरत होते. बिघाड मशीनमध्ये नव्हता.

"हो अण्णा, थोडी वाढवलीय," मी म्हणाले.

"तरीच."

पुढचे आठ दिवस मी शाळेत असले तरी जीव घरी असायचा. फोन वाजला की तास सोडून बाहेर धावायचे. डॉक्टरांकडे जाऊ म्हणायचं धाडस होत नव्हतं. ते काय सांगतील याचीच भीती होती.

मग एका संध्याकाळी अण्णा घोडा हत्तीसारखा सरळ ओढताना दिसले. प्रोग्राम तो परत जागेवर नेऊन ठेवायचा, ते पुन्हा ओढायचे. पाच-सहा वेळा.

"माउस बिघडलाय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

मी कम्प्युटर तसाच चालू ठेवला, रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

रक्त तपासल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोडियम फार उतरलंय, त्यानेच डोक्यात गोंधळ होतोय. रक्तदाबाच्या गोळीमुळे होतं असं कधीकधी. आणखी उशीर केला असता तर अवघड होतं."

ते आठ दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेले.

चौथ्या दिवशी अण्णा नीट बोलू लागले, तेव्हा मी कबूल केलं, "अण्णा, मी ताकद वाढवली नव्हती. खोटं बोलले."

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "घोडा सरळ जात नाही हे कळत होतं गं. कसा जातो, ते आठवेना. तुला सांगायची भीती वाटली."

आम्ही दोघंही एकाच गोष्टीला घाबरून एकमेकांपासून लपवत होतो.

आता गोळी बदलली आहे. अण्णा पस्तीसेक चालींपर्यंत पोचतात. तरी बोलताबोलता एखाद्या शब्दासाठी ते थांबले की तो शब्द त्यांना सापडेपर्यंत मी हातातलं काम सोडून उभी राहते.