निवाळाची अंडी

मला वाचवलं ते इंदूमावशीनं. हे आधीच लिहून ठेवते, कारण माझी सवय अशी की घाबरत घाबरत भलतंच सांगत बसते आणि ज्याचं नाव घ्यायचं तेच राहून जातं. ती माझी सख्खी मावशी नव्हती. कामठीला आमच्या पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत शेवटच्या खोलीत एकटी राहायची आणि उन्हाळाभर साहेबलोकांच्या दारांना, खिडक्यांना लावायच्या वाळ्याच्या ताट्या बांधायची. डोळे मिटले की आजही पहिल्यांदा तिचे हातच दिसतात — बांबूच्या कामट्यांच्या चौकटीवर वाळ्याची तपकिरी मुळं पसरणारे, सुतळीचा फास ओढणारे, आणि मनगटापर्यंत त्या ओल्या, मातकट, थंड सुगंधात भिजलेले हात…

सहावीच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर मला मुदतीचा ताप आला. बाबा यंत्रमागावर, आई विड्यांच्या कारखान्यात. दोघांनाही घरी बसणं शक्य नव्हतं. तेव्हा मावशीनं आपलं काम उचलून आमच्या दारात आणलं. नवी ताटी दाराला टेकवायची, तिच्यावर गडव्यानं पाणी शिंपडायचं आणि उंबऱ्याशी बसून दुसरी बांधायला घ्यायची. बाहेर वैशाखाची लू शिट्ट्या घालत असायची, डोक्यावर पत्रा तडतडायचा, आणि दारातून मात्र झिरपत यायचा तो गारवा — ओल्या मुळांचा, विहिरीच्या तळासारखा.

मी झोपत नव्हते. आमच्याच ओळीतली वत्सला, माझ्याच वयाची, महिनाभर आधी अशाच तापात दुपारी झोपली ती उठलीच नाही. माझ्यासमोर कुणी ते बोलत नव्हतं, पण मला सगळं ठाऊक होतं. डोळे मिटले की आपलाही कार्यक्रम आटोपला, अशी माझी खात्री झाली होती. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं की पोरीनं पाणी प्यायला हवं, झोपायला हवं. नाहीतर त्यांच्या हातात काही राहणार नाही.

मावशीनं मला दटावलं नाही. एका दुपारी ती कामट्या तासता तासता, जशी कुणी शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तशी म्हणाली की ताटीत निवाळ येऊन बसलाय, हळू बोल.

निवाळ म्हणजे काय, हे मी विचारणारच होते. मावशीच सांगत गेली: तो घोरपडीएवढा, पण अंग सापासारखं लांब, पाठीवर खवल्यांऐवजी वाळ्याची मुळं, पंख सुपाएवढे आणि पातळ. त्याला नाकपुड्या नाहीत. तो सगळ्या कातडीनं श्वास घेतो. लू आत ओढतो आणि तोंडानं गार वारा सोडतो. पुढे फार वर्षांनी मी दुसऱ्याच मुलखात चित्रांत आग ओकणारे पंखवाले प्राणी पाहिले आणि मला हसू आलं. आमच्याकडे आगीची कुणाला पडली होती? आमच्या उन्हातला प्राणी गारवाच ओकणार.

मी चौकस होते. कोरडी ताटी गार का करत नाही, विचारलं, तर म्हणाली की तहानलेला निवाळ काम करत नाही, आधी पाणी पितो. तो माणसाच्या अंगावर बसला तर त्या माणसाच्याच अंगातलं पाणी पितो. म्हणून मी गडवा तोंडाला लावला. मग म्हणाली, माणूस जागा असला तर तो जवळ येत नाही, लाजरा आहे. इथे मात्र मी अडले. मी डोळे मिटायला तयार नव्हते, आणि तिला अडवायला मला एक प्रश्न सापडला.

"मावशी, तो गरम वारा खाते न् गार सोडते. मंग आतली गरमी जाते कुठं?"

मावशीचा हात सुतळीवर थांबला. तिला अक्षर येत नव्हतं, पण काहीतरी ठोकून द्यायची तिची रीत नव्हती. "थांब वं शोभे, इचार करू दे," म्हणाली, आणि त्या दिवशी त्या प्राण्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ताटी टेकवण्याआधीच माझ्या उशाशी येऊन बसली.

"अंड्याईत जाते. त्याची अंडी लय थंडी असते, मातीच्या गोळ्यासारखी. त्याइले उबवाले गरमी लागते, म्हणून तो हिंडून हिंडून गरमी गोळा करते. तुया ताप वाया नाई जाऊन राहिला, पोरी. त्याच्यानं कोनाचं तरी पिल्लू निघून राहिलं."

ज्या तापानं वत्सलाला नेलं, तो माझा ताप कुणाच्या तरी उपयोगी पडत होता! त्या दुपारी मी झोपले. उठले तेव्हा आई घरी आलेली होती, मावशीच्या हातातली ताटी पुरी झाली होती, आणि मी जिवंत होते.

बरी झाल्यावर पाठकोऱ्या कागदांची वही शिवून मी ते सगळं लिहून काढलं: निवाळाचा आहार, श्वसन, अंडी, हिवाळ्यात रांजणाखालच्या वाळूतली त्याची झोप. शाळेनं मला जुलैत फेरपरीक्षेला बसू दिलं. विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला — अंडी घालणाऱ्या एका प्राण्याची माहिती लिहा, आकृती काढून भागांना नावे द्या. बाकीच्यांनी कोंबडी लिहिली. कोंबडीबद्दल मला तेवढं कुठं ठाऊक होतं? मी पुरवणी मागून घेतली.

सरांनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मुलं बाकांवर लोळून हसली. मागून कुणीतरी "निवाळबाई" म्हणालं आणि ते नाव मला चिकटलं. त्या प्रश्नाला शून्य मिळालं. मी नापास झाले ती विज्ञानात, आणि तेवढ्याच गुणांनी.

मावशीला कळलं तेव्हा ती हातचं काम टाकून, तशीच वाळ्याचा वास घेऊन माझ्याबरोबर शाळेत आली. सरांपुढे उभी राहिली.

"गुरुजी, पोरगी लबाड नाई. म्या सांगतलं ते तिनं लिवलं. मार्क कापाचे असन तर माये कापा."

माझ्या उत्तरातलीच ओळ धरून सरांनी मला विचारलं, ती उष्णता कुठे जाते, असं तू कुणाला विचारलंस? मी मावशीकडे बोट दाखवलं. त्यांनी पेपर काढला, शून्य खोडलं आणि आकृती नीटनेटकी म्हणून एक गुण लिहिला. त्याहून जास्त त्यांना देता येत नव्हता, हे त्यांनी खाली पाहूनच सांगितलं. तेवढ्यानं मी पास झाले नाही, आणि बाबांनी पुढे शाळेत पाठवलं नाही. मी आईबरोबर विड्या वळायला बसले. आणि मावशीनं मनाशी धरलं ते कायमचं — की तिच्यापायी माझी शाळा सुटली.

आज मी घरापासून फार दूर आहे, डोंगरातल्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते. इथे पत्रे तडतडत नाहीत, बर्फानं वाकतात. मुलींपैकी कुणी तापानं फणफणलं की मी उशाशी बसते आणि निवाळाची गोष्ट काढते. परवा एका पोरीनं विचारलं, एवढ्या थंडीत तो जगेल कसा? मी म्हटलं, थांब, विचार करू दे. अजून सापडलं नाही.

कामठीहून माझ्या भाच्याचं पत्र आलंय. मावशीचे डोळे गेलेत, बोटं वाकडी झालीत, ताट्या सुटल्या. आल्यागेल्याला ती विचारते, शोभीनं मले माफ केलं का. पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा वाटलं, आपण उशीर तर नाही केला…

मावशी, शाळा गेली, पण जिची गेली ती आहे. या उन्हाळ्यात सुटी मिळो न मिळो, मी येते. तुझ्या दाराला ताटी मी बांधीन, वाकडीतिकडी का होईना. तिच्यावर पाणी शिंपडीन, ती वही तुला पहिल्या पानापासून वाचून दाखवीन, बर्फातल्या निवाळाचा प्रश्नही विचारीन. आणि उत्तर शोधता शोधता तुला डोळा लागला, तर तू उठेपर्यंत उंबऱ्याशी बसून राहीन.