माझ्या वयाच्या बायका किती

आशा सेविका म्हणून वर्षातून दोनदा मी गावातल्या घरांचा सर्व्हे करते. घरात माणसं किती, वयं काय, लग्नं झालीत का, लहान मुलं किती, सगळं रजिस्टरला चढवायचं. उंब्रजजवळचं आमचं गाव उसाचं, पाण्याचं. यंदा दोन आळ्या पुऱ्या केल्या आणि तिशी ओलांडलेले बिनलग्नाचे मोजायला बोटं पुरेनात. त्यांच्या बरोबरीचे ज्यांची लग्नं झालीत, ते बायकापोरांसकट पुण्याला. मला एका जागी बसवेना.

शेजारच्या काकूंचा मुलगा त्या बिनलग्नाच्यातलाच. चौतिशीचा, बागायती शेत, निर्व्यसनी. काकू रोज येऊन म्हणायच्या, तुझ्या माहेराकडं बघ एखादी. माझं माहेर आटपाडीकडचं. मी नांदायला आले तेव्हा याच काकूंनी, दुष्काळातली पोरगी पाणी बघून आली, असं चारचौघींत म्हटलं होतं. ते मी विसरले नव्हते. तरी चुलतभावाला फोन केला. त्याची मुलगी नर्सिंग शिकून घरी होती.

एका रविवारी काकू, त्यांचा मुलगा आणि मी त्यांच्याकडं गेलो. चहापोहे झाले, दोघांचं बोलणं झालं. भाऊ खुशीत होता. उठायच्या आधी मुलगी मला मागं डाळिंबाच्या बागेकडं घेऊन गेली.

"आत्या, तुमच्या गावात माझ्या वयाच्या बायका किती हायत?"

रजिस्टर मला पाठच होतं. तरी मी आळीआळीनं आठवत राहिले, एखादी सुटली असेल म्हणून.

"दोन," मी म्हणाले. "त्यातली एक बाळंतपणाला आलीया. पुढच्या महिन्यात पुण्याला जाईल."

मग ती म्हणाली, "माझ्या जागी तुमी असता, तर आला असता?"

"मला कुणी इचारलंच न्हवतं गं."

चार दिवसांनी भावाचा फोन आला, मुलगी नको म्हणते. त्याच दुपारी काकू दारात उभ्या राहिल्या. तिला काय सांगितलंस, विचारलं. खरं तेच सांगितलं, तिच्या वयाच्या दोनच हायत म्हणून, मी म्हणाले. त्या चिडल्या नाहीत, हळूच बोलल्या.

"ती आली असती तर तीन झाल्या असत्या न्हवं?"

तेव्हापासून हातातलं काम अर्धवट टाकून उठते, अंगणात जाते, कशाला आले तेच विसरते. खोटं बोलले असते तर त्या पोरीला फसवलं असतं, आणि खरं बोलून काकूंच्या घराचं दार मीच लावून घेतलं, असं वाटत राहतं.

काकू माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मुलगा मात्र परवा रस्त्यात थांबला. मी नजर चुकवत होते, तर तोच म्हणाला, "बरं केलं वहिनी. मी बी कराडात काम बघतोय. शेत वाट्यानं देतो."

आईला सांगितलंस का, मी विचारलं. त्यानं मान हलवली, न्हाई म्हणून.

आता हे त्यांना सांगावं तर पुन्हा मीच सांगणारी. कालपासून दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. दोन्ही वेळा तशीच मागं फिरले.