दारात उभं राहून

माझ्या इंग्रजीच्या वर्गातल्या साठीच्या सुमनताई वहीत ‘कम’ आणि ‘गो’ कधीच चुकवत नाहीत. पण निघताना चपला घालून दारात वळतात आणि म्हणतात, “आय कम, बाई!”

मी रोज टोकते, “निघालात ना? मग गो म्हणा.”

“दारात उभं राहून ‘जाते’ कसं म्हणू?”

खरंच, आपल्याकडे निघालेलं माणूस परत येण्याचा शब्द देऊनच उंबरा ओलांडतं. इंग्रजांना त्यावाचून कसं करमतं, कोण जाणे.

उद्या सुमनताईंच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. आज त्या वही माझ्याकडेच ठेवून निघाल्या. दारात वळल्या.

“आय कम, बाई.”

इतकी वर्षं इंग्रजी शिकवणारी मी म्हणाले, “कम, सुमनताई. लवकर कम.”