कोपऱ्यातला डाग

माईचा फोन खिडकीपाशी तिरका धरला, तर काचेवर खालच्या डाव्या कोपऱ्यात बोटाचा एकच धुरकट डाग. बाकी काच कोरी.

माई माझी थोरली बहीण. आईच्या माघारी एका संस्थेत राहते. अक्षरं, आकडे तिला कधी उमगलेच नाहीत, म्हणून तिच्या फोनवर मोठाली चित्रं लावून घेतली होती. कोपऱ्यात माझा फोटो. तो दाबला की मला फोन लागायचा. एवढं शिकायला तिला अख्खं वर्ष लागलं. मला वाटायचं, ती माझा चेहरा बघून दाबते. डाग पाहिला तेव्हा कळलं, तिने फक्त जागा लक्षात ठेवली होती.

मध्यंतरी फोन आपोआप अपडेट झाला आणि फोटो वर सरकला. आपण अशा वेळी जरा करवादतो नि नवी जागा शोधतो. माई दिवसभर तोच कोपरा दाबत राहिली. संध्याकाळी मी गेलो, तर फोन रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवलेला.

"मी नाही मोडला रे, नंदू."

कुणा शहाण्याने कुठेतरी बसून चित्रं नीटनेटकी केली असतील. माईचं वर्ष त्याला कसं दिसणार?

मी फोटो पुन्हा कोपऱ्यात आणला. माईने बोट पुढे केलं, काचेपाशी थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दाबू?"

आता प्रत्येक भेटीत ती असंच विचारते. मी "दाब गं" म्हणतो, माझ्या खिशात फोन वाजतो, ती हसते.

मी निघून आलो की मात्र फोन वाजत नाही. तिथे विचारायला मी नसतो.