सेफ स्टेट

अमेरिकेची निवडणूक मला सौदीतल्या थुवालच्या स्वयंपाकघरात भांडी घासता घासता पाठ झाली. लेक अकरावीत होती आणि तिला अमेरिकन राज्यकारभार नावाचा एक अख्खा विषय होता. ती तिची छोटी कार्डं ओट्यावर मांडून स्टुलावर बसायची. मी कार्डावरचा शब्द वाचायचा, तिने अर्थ सांगायचा. ती इंग्रजीत उत्तर द्यायची, मी मराठीत दरडावायची, आणि दोघींचं बरं चालायचं.

आमची गंमतच होती. ज्या देशात राहतो तिथे आम्हाला मत नाही. ज्या देशाचा पासपोर्ट आहे तिथे मत द्यायचं तर विमानाने जायला हवं. आणि जिथे कधी पाऊल ठेवलं नाही तिथली मतं कशी मोजतात, ते आमच्या घरात तोंडपाठ. त्यात मी लग्नाआधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलेली. मुलं ज्याला ऑप्शनला टाकतात तो विषय. एक व्यक्ती, एक मत, हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं होतं की मला ते खरं वाटायचं.

अमेरिकेत ते तसं सरळ नाही. तिथे प्रत्येक राज्याला त्याचं त्याचं वजन ठरवून दिलेलं असतं. बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात त्या राज्याचं सगळं वजन पडतं. हरणाऱ्याच्या मतांना काही किंमत उरत नाही. देशभरात जास्त माणसांनी मत दिलेला उमेदवारसुद्धा हरू शकतो. हे ऐकून मी साबणाचा हात तसाच ठेवून विचारलं, ही कसली लोकशाही? लेक म्हणाली, परीक्षेत असं लिहायचं नसतं.

मग स्विंग स्टेट आणि सेफ स्टेट. स्विंग म्हणजे कुठे झुकेल ते सांगता येत नाही असं राज्य. सगळ्या सभा तिथे, सगळी आश्वासनं तिथे. सेफ म्हणजे जे वर्षानुवर्षं एकाच पक्षाच्या खिशात आहे ते. तिथे कुणी फिरकत नाही. ज्याचं आहे तो येत नाही, कारण ते मिळणारच आहे, आणि दुसरा येत नाही, कारण ते मिळणार नाही. लेकीने घडाघडा सांगितलं आणि पुढचं कार्ड मागितलं. माझा हात मात्र त्या कार्डावर जरा रेंगाळला.

आमच्या शेजारी एक अमेरिकन बाई राहायची, इथल्या युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत काम करणारी. ती असल्याच एका सेफ राज्यातली. तिने महिनाभर आधीच आपलं मत पाठवून दिलं होतं. मी तिला विचारलं, निकाल ठरलेला असताना कशाला एवढी यातायात? ती म्हणाली, निकाल ठरलेला असला तरी माझं मत मोजलं तर जातं. मला ते उत्तर तेव्हा जरा पुस्तकी वाटलं.

त्याच दिवसांत मला नोकरी मिळाली. जेद्दाच्या उत्तरेकडच्या एका भारतीय शाळेत सामाजिक शास्त्रांची बाई हवी होती. मी सहज अर्ज केला, मुलाखतीला बोलावलं, नमुना तास घ्यायला लावला. आठवीचा वर्ग, विषय मतदारसंघ. इतक्या वर्षांनी हातात खडू नव्हता, मार्कर होता, पण पहिल्या दोन वाक्यांनंतर माझा आवाज मला परत सापडला. मुली खिदळल्या, मग गप्प झाल्या, मग एकीने चांगला प्रश्न विचारला. व्हॅनमधून परत येताना मी तोंड खिडकीकडे करून बसले, कारण मला रडू आवरेना. मुख्याध्यापिकेने एप्रिलपासून या म्हणून सांगितलं होतं. फक्त कफीलची, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणाऱ्याची, संमती लागेल म्हणाल्या. बायकोचा कफील नवराच असतो, त्याच्याच नावावर तिचा राहण्याचा परवाना, इकामा. आम्ही दोघी त्यावर हसलो होतो.

नवरा युनिव्हर्सिटीच्या एसीच्या चिलर प्लांटवर सुपरवायझर. शाळेचं ऐकून तो म्हणाला, बरं झालं, घरात बसून कंटाळतेस. पुढच्याच आठवड्यात त्याला तबूकहून बोलावणं आलं. तिथल्या एका मोठ्या बांधकामावर मॅनेजरची जागा, कुटुंबासाठी घर. इथली नोकरी काही जात नव्हती. रहायचं की जायचं, एवढाच प्रश्न होता. जायचं म्हटलं तर माझी शाळा खलास, कारण तबूकहून जेद्दा म्हणजे दिवसभराचा रस्ता.

नवऱ्याने जेवताना जाहीर केलं की घरातले मोठे निर्णय सगळ्यांच्या मताने होतात, तसाच हाही होईल. शुक्रवारच्या नमाजानंतर गावाला व्हिडिओ कॉल लावायचा, आणि सासू, थोरले दीर, लेक, मी, सगळ्यांनी आपापलं सांगायचं. त्याच्या घरात ही पद्धत त्याच्या वडिलांपासूनची, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान. मलाही ती पद्धत आवडायची. मला बोलायला जागा मिळणार होती, आणि मी बोलायची तयारी करायला लागले.

मग सुरू झाला प्रचार. लेकीला शाळा सोडायची नव्हती, म्हणून ती झाली स्विंग. तिला घेऊन तो रोज संध्याकाळी समुद्रावर चक्कर मारायला जाऊ लागला. तबूकला तुझी स्वतंत्र खोली, अठराची झालीस की तिथे गाडी शीक, हिवाळ्यात डोंगरात बर्फ बघायला नेतो. ती तिसऱ्या दिवशी बर्फाचे फोटो शोधत बसलेली मला दिसली. सासूला रोज फोन. मॅनेजरची आई म्हणून गावात काय मान होईल, ते तो तिला इतकं रंगवून सांगत होता की मलाही क्षणभर तबूकला जावंसं वाटलं. सासूचं मत एकच, पण तिच्या मताचं वजन आमच्या सगळ्यांच्या बेरजेहून जास्त. हा हिशेब मात्र मला कार्ड न वाचता समजला होता. दिराला मोठेपणा देऊन तो सल्ला मागत होता, म्हणजे तिकडचंही जमलं.

माझ्याकडे तो आला नाही. मी वाट बघितली, हे मी कबूलच करते. तो एकटा चहा घेत बसला की मी मुद्दाम समोर जाऊन बसायची. तो फोनमध्ये बघत म्हणायचा, आज माशांचं काय केलंस? मी मनात मुद्दे घोळवून ठेवले होते. लेकीच्या शाळेचा पहिला, कारण आईने स्वतःचा मुद्दा पहिला मांडला की लोकांना तो ऐकूच येत नाही. मला कुणी आश्वासन दिलं नाही, खोटंसुद्धा नाही. बर्फाचं आमिष मलाही चाललं असतं. निदान माझ्या मताची कुणाला धास्ती आहे, एवढं तरी कळलं असतं. राग यायचा, आणि रागाहून जास्त अपमान वाटायचा.

एकदा कार्डं वाचताना लेकीला शब्द आला, पक्षनिष्ठा. ती म्हणाली, बहुतेक माणसं आईबापांचाच पक्ष धरतात. मी म्हटलं, आईचा की बापाचा? तिने वर पाहिलं, आणि मग म्हणाली, ते पुस्तकात वेगळं दिलेलं नाही.

शुक्रवारी कॉल लागला. सासू पडद्याच्या अगदी जवळ, तिचं कपाळच दिसत होतं. तिने जा म्हटलं आणि वर दुआ दिली. दीर म्हणाले, अशी जागा परत यायची नाही. लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, आय थिंक वी शुड गो. नवऱ्याने दोन्ही हात मांडीवर आपटले आणि म्हणाला, चला, ठरलं. यल्ला, मी त्यांना कळवतो.

मी म्हटलं, माझं राहिलं.

तो खरोखरच चकित झाला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर मला बरं वाटलं असतं. तो हसून म्हणाला, "तुला काय विचारायचा? तू तर हायसच ना आमच्यात."

"माझं मत 'नाही' असं आहे," मी म्हटलं. "मला इथे राहायचंय. मला शिकवायचंय."

पलीकडे सासूचं कपाळ हललं. दीर घसा खाकरून म्हणाले, तिचंपण बरोबर आहे, पण आता बहुमत झालं. नवरा म्हणाला, तबूकला शाळा नाहीत काय? तिथे बघू. इतकं झटकन आणि इतक्या मायेने म्हणाला की भांडायलाही काही हाताला लागेना. कॉल संपल्यावर लेक माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. मला वाटलं, माफी मागायला आली.

ती म्हणाली, "अम्मी, तू आधी सांगितलं असतंस तर मी विचार केला असता. तू काही बोललीच नाहीस."

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मतदारांचा कौल विचारत फिरणारे पाहणीवाले ज्याच्या दारी जात नाहीत त्याचं मत नसतंच असं समजायचं का, असं मी तिला विचारणार होते. पण ते तिच्या अभ्यासक्रमातलं होतं आणि मला त्या क्षणी शिकवणी नको होती.

अमेरिकेचा निकाल बुधवारी लागला. तिकडची रात्र म्हणजे आमची सकाळ. लेक शाळेत गेली, नवरा प्लांटवर गेला, आणि मी टीव्हीवर तो लाल-निळा नकाशा लावून भाजी निवडत बसले. काही राज्यांचं मतदान संपायचा अवकाश, की एकही मत मोजायच्या आत ती रंगवून टाकत होते. निवेदक त्यांच्याकडे वळूनही बघत नव्हता. मी भाजी तशीच ठेवून उठले आणि शाळेला फोन लावला.

माझं ठरलं होतं. तो पुढे जाऊ दे तबूकला. आम्ही दोघी जेद्दात भाड्याने राहू, लेकीला माझ्याच शाळेत घालू, सुट्टीत भेटू. आमची निम्मी कोकणी घरं अशीच चालतात, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. आमच्यात दोघं एकाच देशात असतील, एवढं तर चांगलंच. मुख्याध्यापिकेला मी सांगितलं, मी एप्रिलला नक्की येते, संमतीचं पत्र आणते.

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांनी गेल्याच आठवड्यात फोनवर नकार कळवला. आम्ही दुसऱ्या बाईंना घेतलंय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

गेल्याच आठवड्यात. म्हणजे शुक्रवारच्या आधी, सासूच्या दुआच्या आधी, लेकीला बर्फ दाखवत होता तेव्हाच. मी म्हटलं, माहीत होतं, विसरले. एका अनोळखी बाईसमोर त्याची अब्रू राखायला मी खोटं बोलले, आणि फोन ठेवल्यावर मला माझीच चीड आली.

तो दुपारी जेवायला आला. मी ताट वाढलं नाही. उभ्यानेच विचारलं, शाळेला कधी कळवलंत? त्याने लपवलं नाही. शाळेने संमतीसाठी फोन केला होता, त्यांना बाईची घाई होती, ताटकळत कशाला ठेवायचं, म्हणून सांगून टाकलं. मी विचारलं, मला का नाही विचारलंत? त्याने जरा विचार केला. मी त्याला ओळखते, तो खोटं बोलत नव्हता.

"तू नाय म्हणशील असा वाटला असता," तो म्हणाला, "तर विचारला नसता काय?"

जानेवारीत आम्ही तबूकला आलो. मी आले, कारण माझा इकामा त्याच्या नावावर आहे आणि लेक अकरावीत आहे, आणि त्या दोन्ही गोष्टींपुढे माझं भांडण फार काळ उभं राहिलं नाही. इथे घर मोठं आहे, थंडी खरी आहे. शाळेचं अजून बघतोच आहोत. लेक खूश आहे, आणि तिच्या खुशीचा मला राग येतो, आणि त्या रागाची लाज वाटते.

मागच्या शुक्रवारी सासूचा फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावून तो ओट्यावर ठेवला आणि गाडी धुवायला खाली गेला. तिच्याकडे पाहुणे बसले होते, आणि ती त्यांनाच कौतुकाने सांगत होती की आमच्याकडे कुणी कुणावर लादत नाही, तबूकला जायचं तेही सगळ्यांनी मिळून एकमताने ठरवलं. मी कांदा चिरायचा थांबवला आणि फोनजवळ गेले.

"एकमताने नाही," मी म्हटलं. "एक मत विरोधात होतं. माझं."

पलीकडून सासू म्हणाली, "असूदे गो. आता तो कशाला मोजायचा?"